घरातील दप्तर कोणाचे?

बृहन्महाराष्ट्रातील मराठी मनुष्य मोठा इतिहासप्रेमी आहे, अशी समजूत आपणच आपल्याविषयी करून घेतलेली आहे. शिवजयंतीचे व्याख्यान, गणेशोत्सवातील ऐतिहासिक नाटक आणि बैठकीच्या खोलीत टांगलेले रायगडाचे चित्र एवढ्या भांडवलावर ती उभी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती निराधार आहे. घरातील जुनी ट्रंक कबाडी तोलून नेत असताना ज्याचे सारे लक्ष तराजूच्या काट्याकडे असते, त्याने इतिहासप्रेमाची भाषा बोलू नये.

हे बोलणे कठोर वाटेल. परंतु भिलाईत राहणाऱ्याला ते बोलणे भाग आहे. येथील पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये 1955 साली झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात विदर्भातून पुष्कळ मराठी मंडळी येथे नोकरीस आली. त्या वेळी पंचविशीत असलेला मनुष्य आज नव्वदी ओलांडून गेला आहे. त्यांच्यापैकी बहुतेक आता हयात नाहीत, आणि त्यांची मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी स्थायिक झाली आहेत. घर रिकामे करण्यासाठी मुलगा चार दिवसांची रजा काढून येतो. पहिल्या दिवशी भांडी, दुसऱ्या दिवशी लाकूडसामान, तिसऱ्या दिवशी कागद. चौथ्या दिवशी तो परतीच्या गाडीत बसलेला असतो.

त्या कागदांत काय असते? मोडी अक्षरातील एखादी वंशावळ असते. लग्नाची याद असते, आहेराची वही असते, आणि त्या वहीत कोणी पाच रुपये दिले, कोणी खण दिला, कोणी पितळेचा तांब्या दिला, हे सारे गावांच्या नावांसह लिहिलेले असते. जुन्या पंचांगाच्या कडेला आजोबांनी पेन्सिलीने टिपून ठेवलेले असते: अमुक तिथीस मुलगी झाली, अमुक दिवशी नदीला पूर आला, अमुक महिन्यात तांदळाचा भाव चढला. कोपरा फाडून पाठविलेली निधनाची कार्डे असतात. वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण असते आणि त्यात आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेची चार ओळींची बातमी असते. कागद संपले की भांड्यांकडे वळावे. परातीच्या काठावर कोरलेले नाव व तिथी हाही एक लेखच आहे. पण परात मोडीत जाते तेव्हा तो लेख वितळून जातो, आणि त्याची नक्कल कोणाकडेही नसते.

आपल्यातील पुष्कळांना हे सारे क्षुद्र वाटते. इतिहास म्हणजे राजांचा, लढायांचा व तहांचा, अशी आपली शिकवण. परंतु ज्यांच्या नावाने आपण अभिमान मिरवतो त्या वि. का. राजवाड्यांनी काय केले? 1898 साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण बावीस खंड सिद्ध केले. ही साधने त्यांना कोठल्या सरकारी तिजोरीत आयती सापडली नव्हती. वाडे, माळे, मठ, वतनदारांची घरे येथे पायपीट करून त्यांनी ती जमविली. पुण्यास 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच उद्योगातून. वाळवीने खाल्लेल्या रुमालांच्या कथा वाचून आपण हळहळतो, आणि त्या निष्काळजी वाडेवाल्यांना नावे ठेवतो. परंतु त्या वाडेवाल्याने निदान कागद माळ्यावर राहू दिले होते. आपण ते किलोच्या भावाने देतो.

"आमचे कागद कोण वाचणार? आम्ही साधी नोकरपेशाची माणसे." हा पहिला आक्षेप. याचे उत्तर छत्तीसगडच्या इतिहासातच आहे. 1741 साली भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीने रतनपूरचे हैहय राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले; तेथील रामटेकडीवरचे देऊळ त्यांचेच. त्यांच्यामागे सुभेदार आले. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, आणि 1854 साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. या शंभर वर्षांच्या कारभारात मराठी भाषा व मोडी लिपी येथे आली, आणि तिच्याबरोबर कारकून, फडणीस, पुजारी, शिपाई अशी कुटुंबेही आली. इतिहासाच्या पुस्तकात सुभेदाराचे नाव सापडते. त्याच्या हाताखालचा कारकून काय खात होता, मुलीचे लग्न कोठे करीत होता, येथील भाषा केव्हा बोलू लागला, हे पुस्तकात सापडत नाही. ते सापडेल तर त्याच्या वंशजाच्या घरीच सापडेल.

आता जो मुद्दा मांडावयाचा आहे तो आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. हे कागद केवळ आपले नाहीत. मराठी कारकुनाने लिहिलेल्या वसुलीच्या हिशेबात रक्कम भरणारा मनुष्य छत्तीसगडी होता. गावचा गोंटिया, शेतकरी, तेली, कोष्टी यांची नावे त्या वहीत आहेत. त्या अंमलातील वसुली अनेक ठिकाणी जाचक होती. तो जाचही त्याच आकड्यांत नोंदलेला आहे. तेव्हा अशी वही रद्दीत घालणारा आपल्या आजोबांबरोबर दुसऱ्याच्या आजोबांचाही पुरावा नष्ट करतो. हा अधिकार त्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप आपल्या वर्गाचा खास आक्षेप आहे: "आम्ही बदलीची माणसे. आज भिलाई, उद्या गुवाहाटी. येथील इतिहासाशी आमचा संबंध काय?" केंद्र सरकारच्या कचेरीत बसून मीही हे वाक्य नित्य ऐकतो. परंतु बदलीच्या माणसाला कागदाचे मोल इतरांहून अधिक कळावयास हवे. कचेरीतील नस्तीची आपण वर्गवारी करतो: अ आणि ब वर्गाच्या नस्त्या कायम जतन करावयाच्या, क वर्गाच्या ठराविक मुदतीपर्यंत, फार तर दहा वर्षे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तर 1892 पूर्वीचा सरकारी कागद, तो अगदीच निरुपयोगी झाल्याचे अभिलेखागाराच्या प्रमुखांचे मत पडल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली आहे. एखादे परिपत्रक हरवले तर आपण कपाटे उपसतो. हाच मनुष्य घरी येऊन आईची तीस वर्षांची पत्रे एका दुपारी निकालात काढतो, आणि त्या निर्णयावर कोणाची सहीसुद्धा नसते.

शिवाय, आपण केवळ बदलीची माणसे आहोत हे तरी खरे काय? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर आणि नागपूर हे सारे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यांची सीमा नंतर आखली गेली. कुटुंबे तत्पूर्वीच दोन्ही बाजूंस राहत होती. माधवराव सप्र्यांचे उदाहरण पाहा. जन्म 1871 चा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. 1900 साली त्यांनी पेंड्रासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिघेही मराठी. मासिक तीन वर्षे चालले आणि बंद पडले. परंतु हिंदी पत्रकारितेचा इतिहास आज त्या तीन वर्षांना वगळून लिहिता येत नाही. सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. आणि त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय 1984 साली भोपाळात उभे राहिले. ज्या भूमीत राहिले तिचे होऊन राहिलेले हे लोक होते. त्यांचा वारसा सांगावयाचा आणि स्वतःला मात्र धर्मशाळेतील उतारू म्हणवून घ्यावयाचे, हा व्यवहार अप्रामाणिक आहे.

तिसरा आक्षेप नवशिक्षितांचा: "मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली आहेत, कागद कशाला हवेत?" छायाचित्र अवश्य काढावे. परंतु ज्या छायाचित्राखाली माणसांची नावे नाहीत, ते दुसऱ्या पिढीत अनोळखी लोकांचे चित्र होऊन बसते. मागची बाजू, टपालाचा शिक्का, समासातील टीप ही बहुधा टिपली जात नाही. आणि मोबाइल बदलला की तेही जाते. सोय म्हणजे जतन नव्हे.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो सर्वांत बलवान आहे. कागदांत लाजेच्या गोष्टी असतात: कर्ज, भाऊबंदकी, टाकलेली सून, घराबाहेर काढलेली विधवा, जातीपायी मोडलेले लग्न. म्हणून ते जाळले जातात. आपली छापील कुलवृत्तांते पाहा. पुरुषांची नावे, पदव्या, पगार आणि पदोन्नती; मुलींचे नाव असलेच तर विवाहापुरते. त्या मुली कोठे सापडतात? पत्रांत, आहेराच्या वहीत, भांड्यांवरच्या नावांत. म्हणजे जे कागद आपण आधी जाळतो त्यांतच घरातील निम्मी माणसे आहेत. लाज वाटत असेल तर लखोट्यात घालून वर लिहावे: तीस वर्षांनी उघडावा. जाळण्याचे कारण नाही.

पाश्चात्त्यांचे कौतुक करण्याचा हेतू नाही. पण एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतराजी हा दरिद्री, मागासलेला म्हणून शहरी लोकांच्या थट्टेचा प्रदेश. तेथे जॉर्जिया राज्याच्या रेबन परगण्यात 1966 साली शाळेतील मुलांनी 'फॉक्सफायर' नावाचे नियतकालिक काढले. मुले म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जात. लाकडी घर कसे बांधीत, साबण घरी कसा करीत, पिशाच्चांच्या गोष्टी कोणत्या सांगत, हे विचारून लिहून आणीत. 1972 साली त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. पैसा, विद्वान, सरकारी योजना यांपैकी काहीही सुरुवातीला त्यांच्याजवळ नव्हते. वही होती आणि विचारण्याची इच्छा होती. आपल्या मंडळांजवळ सभागृह आहे, निधी आहे, कार्यकारिणी आहे. आणि वार्षिक स्मरणिकेत जाहिराती व शुभेच्छा यांखेरीज काय असते ते वाचकांनीच सांगावे.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक मराठी मंडळाने एक कुलपाचे कपाट आणि एक नोंदवही एवढी व्यवस्था करावी. घर रिकामे करणाऱ्याने कागद आधी तेथे दाखवावे. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कोठे, केव्हा हे लिहावे. चिकटपट्टी लावू नये, कागद प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करू नयेत. स्वच्छ सुती कापडाच्या रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवावे. मोडी वाचणारा एखादा तरी तरुण मंडळाने तयार करावा. स्मरणिकेचे एक पान जुन्या स्थानिक बातमीसाठी राखून ठेवावे. मूळ कागद पुण्यास नेण्याची घाई करू नये. जेथे आयुष्य घडले तेथेच त्याचा पुरावा राहावा, पुण्यास नक्कल पाठवावी. आणि ज्या छत्तीसगडी कुटुंबांची नावे आपल्या वह्यांत निघतील, त्यांना बोलावून ती दाखवावी. भिलाईच्या सेक्टरांखाली जी गावे गेली त्यांतील वृद्धांच्या आठवणीही त्याच कपाटात याव्यात. कारखान्याच्या पगारावर आपण येथे घरे केली. त्या गावांचे एवढे देणे आपण लागतो.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही, वरिष्ठांची टिप्पणी लागत नाही. हे होत नसेल तर शिवजयंतीचे पुढील व्याख्यान रद्द करावे आणि त्या संध्याकाळी सभासदांनी आपापल्या घरच्या ट्रंका उघडाव्यात. महाराजांचा त्यात अपमान होणार नाही.