चहाचा भुरका

वाचकहो, अपराध आमचा एवढाच की, आम्ही बशीतून चहा भुरकत होतो. "सब्बा, मस्पीक!" असे ओरडून आमचा तेरा वर्षांचा नातू टेबलावरून उठला व खोलीचे दार लावून बसला. कोकणात आमच्या वडिलांनी असाच चहा घेतला, अश्दोदला येऊन आम्हीही चाळीस वर्षे असाच घेत आलो. नव्या पिढीला आपल्या रीतीची लाज वाटते, असे ठरवून आम्ही दोन आठवडे त्याच्याशी धड बोललो नाही. आमचे चुकले.

सूनबाईंकडून पुढे कळले की, बसमध्ये शेजारी कोणी गरिनीम फोडू लागले तर हा पोरगा दोन थांबे आधीच उतरतो. शोफारचा नाद मात्र त्यास मुळीच खुपत नाही. तेव्हा प्रश्न मोठ्या आवाजाचा नव्हे. या त्रासास 'मिसोफोनिया' हे नाव २००१ साली मिळाले. चघळणे, भुरकणे, नाक ओढणे असले आवाज कानी पडताच अशा माणसांच्या मेंदूतील भावनांशी निगडित भाग अतोनात चेततो व छातीची धडधड वाढते, असे न्यूकॅसल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले. आणि बहुधा घरच्याच माणसांचे आवाज अधिक असह्य होतात!

हमखास औषध अद्याप नाही. तूर्त चहाच्या वेळी रेडिओ मंद लावलेला असतो, आणि आम्ही कपातून घेतो. चव निम्मी लागते. बशी फडताळात आहे. तो शाळेत गेला की काढतो.