दोन कॅट आणि एकटा गडी

ऑक्टोबरची छाटणी व्हावी आणि नेमका पाऊस बसावा, म्हणजे द्राक्षबागाईतदाराचे काय होते, ते आमच्या वणीच्या शिवारात कोणालाही विचारा. सप्तशृंगीच्या गडावर ढग उतरलेले, कोवळ्या फुटीवर डाउनीची धास्ती आणि फवारणीला उघडीप नाही. हाताला काम नसते, डोक्याला मात्र घोर असतो. मग माणूस उठतो आणि पैशाच्या पत्त्यांवर जाऊन बसतो. अशाच एका घरी घरधनीण मला म्हणाल्या, "साहेब, औषधं तर नेहमीच सांगता. ह्यांना घरात बसवील असं काही सांगा."

पुढच्या खेपेला मी पत्त्यांचे दोन कॅट घेऊन गेलो. त्यांना शिकवला तोच एकट्याने खेळायचा डाव आज तुम्हाला सांगतो. याचे नाव 'चाळीस चोर'. नेपोलियन १८१५ पासून १८२१ मध्ये मरेपर्यंत सेंट हेलेना बेटावर कैदेत होता, तेव्हा तो हा डाव मांडी, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, अडकून पडलेल्या माणसाला हा डाव सोबत करतो, हे मी पाहिले आहे.

जोकर काढले की दोन कॅटांची १०४ पाने होतात. एवढ्या पानांना भिऊ नका. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात, आणि आपली जुनी माणसे ती खेळतच होती.

पाने नीट पिसा. दहा रकाने करून प्रत्येकात चार पाने उघडी मांडा. हेच चाळीस चोर. उरलेली ६४ पाने हातात उपडी ठेवा. एक्का मोकळा झाला की तो वर काढायचा आणि त्यावर त्याच रंगाची दुर्री, तिर्री असे राजापर्यंत चढत जायचे. अशा आठ राशी पुऱ्या झाल्या की डाव सुटला.

खाली रकान्यात मात्र उलटे. मडक्यांची उतरंड रचतो तसे मोठ्यावर लहान ठेवायचे, तेही त्याच रंगाचे. इस्पिकच्या नव्वीवर इस्पिकचीच अठ्ठी. रकान्याचे शेवटचे पानच हलवता येते, आणि एका वेळी एकच. रकाना रिकामा झाला तर तिथे कोणतेही पान ठेवता येते. सगळे अडले की हातातले एक पान उघडायचे. ते लागले नाही तर बाजूच्या ढिगावर टाकायचे. ढिगाचे वरचे पान पुढे केव्हाही वापरता येते, पण ढीग उलटवून पुन्हा घ्यायचा नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, एक्के आणि दुर्ऱ्या कोणत्या रकान्यात दबल्या आहेत ते आधी पाहा आणि तिथूनच उपसायला लागा. दुसरी, प्रत्येक पान दोनदा आहे. एक अडकले तर त्याचे भावंड कुठे आहे ते शोधा. तिसरी, पान लागते म्हणून लगेच लावू नका. लावल्यावर खालून काय मोकळे होते, ते आधी बघा.

हा डाव सहजी सुटत नाही. माझे दहा डाव फसतात तेव्हा एखादा सुटतो. पण फसला तरी खिशाला तोशीस नाही, आणि पाने गोळा करून पुन्हा पिसता येतात.

त्या घरचे मालक पाचवा डाव खेळत होते. एक रकाना रिकामा झाला आणि त्यांनी हातातले पान तिथे ठेवायला उचलले. चुलीपाशी बसून पाहणाऱ्या घरधनीण म्हणाल्या, "रिकामं दिसलं की लगेच पेरायचं का? जरा वाफसा तर येऊ द्या." मालकांनी हात मागे घेतला. मी शिकवायचा राहिलेला चौथा धडा बाईंनी शिकवला होता.

तोही डाव सुटला नाही. पण पहाटे पाऊस उघडला, तेव्हा पंपासाठी माणूस शोधत कोणाला हिंडावे लागले नाही. तो घरीच होता.