शीत कुठलं काढलं?

मैत्रिणींनो, शितावरून भाताची परीक्षा करणं हे आपल्या रोजच्या हातचं काम. पण जाणती बाई वरचंच शीत चेपून गॅस बंद करत नाही. तळाशी भात शिजलेला असतो आणि वर कणी राहिलेली असते, हे तिला ठाऊक असतं. म्हणून आधी उलथनं फिरवायचं, मग शीत काढायचं. निवडणुकीचे अंदाज वाचताना मात्र हे शहाणपण आपण स्वयंपाकघरातच ठेवून येतो, नाही का?

अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाचं एक नावाजलेलं साप्ताहिक होतं. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी सुमारे एक कोटी लोकांना नमुना-मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्या ढिगावरून त्यांनी सांगून टाकलं, की रूझवेल्ट हरणार, लँडन येणार. प्रत्यक्षात ४८पैकी ४६ राज्यं रूझवेल्टना मिळाली! चुकलं कुठं? पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत फोन नि मोटार असलेलं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी. शितं लाखो, पण सगळी वरवरची. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारलं, पण निरनिराळ्या थरांतल्या, आणि विजेता बरोबर सांगितला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

आपल्याकडचं २००४ साल आठवतंय? ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती झळकत होत्या, बहुतेक अंदाजांत वाजपेयींची आघाडी पुढे होती. १३ मे रोजी मोजणी झाली. काँग्रेसला १४५ जागा, भाजपला १३८, आणि सरकार बदललं.

आता तुम्ही म्हणाल, अंदाज चुकला तर आपलं काय गेलं? जातं ते असं, की ‘सगळे तिकडेच चाललेत, आपलं मत वाया कशाला घालवा’ असं मनात येतं. साडीच्या दुकानात ‘ताई, सकाळपासून याच्या वीस गेल्या’ म्हटलं तरी आपण पदर उलगडून बघतोच ना? मतदान पुरतं संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला आपल्याकडे कायद्यानंच बंदी आहे, ती याच धास्तीपायी.

कावळा बसला आणि फांदी मोडली, ही गोष्टही जुनीच. दिवाळीनंतर नवा लाल कांदा बाजारात आला, की भाव बहुधा उतरतो. त्याच सुमारास सरकार बदललेलं असलं, की श्रेय खुर्चीला! शेतातला कांदा कुणाच्या शपथविधीची वाट बघत नसतो.

पण सगळंच असं हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाचा हिशेब काय, तर मुलं पळवणारे परके असतात, हे परके आहेत, म्हणजे हेच ते. साखर पांढरी असते आणि मीठही पांढरं असतं, म्हणून कुणी चहात मीठ घालतं का? त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती, मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याची. ती मुळात कराचीतली, पालकांनी मुलांना जपावं म्हणून केलेली. मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. आपल्या घरच्या ग्रुपांना पाच ठिकाणंही पुष्कळ होतात! तेव्हा मामींनी पाठवलेलं असलं तरी, ‘हे तुम्हाला कुठून आलं? कधीचं आहे? पुढं काय झालं?’ एवढं विचाराच. मामी रुसल्या तर दिवाळीचा फराळ घेऊन जाता येतं.