आखूड फेकीचा कैवार

गळाने मासे धरण्याचा विषय निघाला की दूरवर भिरकावलेले आमिष आणि त्यामागून सणाणत जाणारी दोरी हेच चित्र सामान्य माणसाच्या दृष्टीसमोर उभे राहते. आणि ज्याची फेक लांब तो अधिक निष्णात, असा निवाडाही आपण साक्षीपुराव्यावाचून देऊन मोकळे होतो. अमेरिकेतील बास माशाच्या शिकारीचा इतिहास पाहता हा निवाडा रद्दबातल ठरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तेथील मातब्बर स्पर्धकांना ज्या फेकीने नामोहरम केले, ती जेमतेम पंधरा-वीस फुटांची होती.

मोठ्या तोंडाचा हा बास पाठलागापेक्षा दबा धरून बसणे पसंत करतो. पाण्यात कोसळलेले झाड, लव्हाळ्यांचे बेट, आपल्या नद्यांप्रमाणेच फ्लॉरिडातील जलाशयांनाही ग्रासणारी जलपर्णी, ही त्याची आश्रयस्थाने. आणि पाणी गढूळ असले की तो खोडाला इतका खेटून राहतो की आमिष दोन हात बाजूला पडले तर ते त्याच्या गावीही नसते. अशा ठिकाणी लांबून येणारा गळ एक तर फांदीत अडकतो, नाही तर धप्पकन पडून माशाला सावध करतो.

कॅलिफोर्नियात लव्हाळ्यांच्या फटींत लांब काठीने आमिष अलगद सोडण्याची जुनी रीत होती. डी थॉमस हे त्या रीतीचे पटाईत. त्यांच्या बारा फुटी काठीविषयी प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा स्पर्धाचालकांनी काठीच्या लांबीवरच मर्यादा घातली. थॉमस यांनी तो हुकूम शिरसावंद्य मानला आणि आखूड काठीने तेच काम साधण्याची युक्ती काढली. काठीच्या टोकापासून सुमारे काठीइतकीच दोरी लोंबती ठेवायची, रीळ आणि पहिली कडी यांमधली हातभर दोरी मोकळ्या हाताने ओढून धरायची, आमिषाला लंबकासारखा झोका द्यायचा आणि ते पुढे जाताच हातातली दोरी सोडायची. ‘फ्लिपिंग’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या युक्तीच्या बळावर त्यांनी 1975 साली आर्कान्सामधील बुल शोल्स जलाशयावरची स्पर्धा जिंकली.

तिचीच धाकटी बहीण ‘पिचिंग’. तीत आमिष तळहातात धरून रीळ मोकळे सोडतात आणि काठीचे टोक खालून वर उचलतात, म्हणजे आमिष पाण्याला जवळजवळ चाटत जाते. खरी परीक्षा त्यानंतरच्या क्षणी असते: रिळावरच्या अंगठ्याने फिरकीला असे आवरायचे की आमिष बुडताना पाण्यावर जेमतेम एक वलय उमटावे, आणि लगेच दोरी सैल करायची, अन्यथा आमिष सरळ खाली न उतरता तिरके होडीकडे सरकते. बास बहुधा ते खाली जातानाच गिळतो आणि हाताला धक्का जाणवेलच असे नाही; दोरी किंचित बाजूला सरकली किंवा तळ लागण्यापूर्वीच थांबली, एवढ्यावरून ओळखावे लागते. डेनी ब्राउअर यांनी 1998 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील हाय रॉक जलाशयावर बासमास्टर क्लासिक ही स्पर्धा जिंकली, ती याच घराण्यातील फेकीने.

यावर आक्षेप असा की, या फेकीत वापरतात तशी जाड दोरी आणि ताठ काठी घेऊन माशाला हिसडून वर काढणे ही मुलूखगिरी झाली, क्रीडा नव्हे. आक्षेप वरवर सात्त्विक दिसतो. परंतु फांद्यांच्या जंजाळात बारीक दोरी तुटली तर मासा तोंडात गळ आणि मागे दोरीचे शेपूट घेऊन जातो, आणि कोठे तरी गुंतून मरण्याचा धोका त्याच्या वाट्याला येतो. जेथे पकडलेला बास जिवंत सोडून देण्याचा शिरस्ता रुजला आहे, तेथे मजबूत दोरीने झटपट सोडवणूक करणे हाच दयेचा मार्ग होय.

मला खटकते ते निराळेच. अमेरिकेतील प्रमुख संघटनेने काठीची आठ फुटांची कमाल मर्यादा पुढे दहा फुटांपर्यंत शिथिल केली. काठी लांबत गेली की झोक्याचे, अंगठ्याचे आणि नेमाचे काम घटत जाते आणि पुन्हा वरून आमिष सोडण्याचीच सोय होते. ज्या निर्बंधाने ही कला जन्मास घातली तोच सैल करण्यात कोणता पुरुषार्थ? हौसेने तळ्याकाठी बसणाऱ्याने खुशाल बारा फुटी काठी वापरावी. स्पर्धेत मात्र आठ फुटांची अट पुन्हा लागू व्हावी.