बाग अवश्य व्हावी. पण दोर कोठे जाणार?

लोकवर्गणीतून उभे राहिलेले एखादे स्वयंसेवी बचावपथक बंद पडले, म्हणजे त्याची जागा, शेड, गाडी आणि बँकेतील शिल्लक यांतून सर्वांसाठी एक बाग करावी, ही कल्पना ऐकताक्षणी कोणाही नागरिकास आवडेल. नगरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याच्या ठिकाणी झाडाखालचा बाक ही चैन नव्हे. मोक्याची जागा एखाद्या व्यापारी संकुलाच्या घशात जाण्यापेक्षा मुलांच्या पायांखाली गेलेली केव्हाही बरी. तेव्हा बागेला आमचा विरोध नाही. ज्या कामासाठी लोकांनी आपल्या खिशातून पैसे काढून दिले, त्या कामाचे पुढे काय, याचा निर्णय कोनशिला बसण्यापूर्वी झाला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पथकाच्या जागी बाग करण्याची ही कल्पना अमेरिकेतील छोट्या गावांना शोभण्यासारखी आहे. कारण अशी पथके तेथे गावोगाव होती. व्हर्जिनियातील रोअनोक शहरी 1909 मध्ये होडी उलटून दोन माणसे बुडाली. काठावरच्या कोणालाही त्यांना वाचविता आले नाही. हा प्रकार डोळ्यांनी पाहणारा ज्युलियन वाइझ नावाचा मुलगा पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि 1928 मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन बचावपथक स्थापन केले. त्याचे अनुकरण देशभर झाले. पुढे काळ पालटला. नोकरीधंद्याच्या रगाड्यात स्वयंसेवक मिळेनासे झाले, पगारी सेवा सुरू झाल्या आणि अनेक जुन्या पथकांनी आपली दारे लावून घेतली. तेथील कायद्यानेही धर्मादाय संस्थेची शिल्लक सभासदांच्या खिशात जात नाही. ती दुसऱ्या लोकोपयोगी कार्याकडे किंवा सरकारकडेच जावी लागते. बाग हा त्यांतलाच एक मार्ग. मात्र जेथे पगारी सेवेने पथकाचे काम आधी खांद्यावर घेतले आणि नंतर पथक मिटले, तेथेच बागेत बसणाऱ्याला निर्धास्तपणे बसता येते.

आपल्याकडे काम कोणी उचलले आहे काय? 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली आणि मंडळांच्या, मित्रमेळ्यांच्या रुग्णवाहिकांचा भार पुष्कळ हलका झाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु रुग्णवाहिका माणसाला रस्त्यावरून रुग्णालयात नेते. विहिरीतून किंवा नदीच्या डोहातून ती त्याला बाहेर काढीत नाही. आणि या जिल्ह्यात मरण येते ते पुष्कळदा तेथेच.

2024 सालच्या दोन घटना नगरकर विसरले नसतील. 9 एप्रिल रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या गॅससाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यासाठी तिसरा, अशी माणसे उतरत गेली आणि पाच जणांचा अंत झाला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक मनुष्य तेवढा वाचला. त्या विहिरीवर धैर्याची वाण नव्हती. माया तर होतीच होती. वाण होती ती एवढ्याच ज्ञानाची की, विषारी वायू साचलेल्या खड्ड्यात दोराशिवाय आणि स्वच्छ हवेच्या सोयीशिवाय उतरायचे नसते. पुढच्याच महिन्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली आणि 23 मे रोजी तिची होडी उलटून दलाचेच तीन जवान मृत्युमुखी पडले. शिकलेल्या, सरावलेल्या माणसांनाही नदी सोडीत नाही, हा त्यातला एक बोध. दुसरा असा की, बुडणारा मनुष्य धुळ्याची गाडी येईपर्यंत थांबू शकत नाही. जे काही करावयाचे ते पहिल्या चार-पाच मिनिटांत काठावरच्या माणसानेच करावयाचे असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे पथकाच्या मालमत्तेचा प्रश्न निराळा दिसू लागतो. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे विसर्जित संस्थेची देणी फिटल्यावर उरलेली मालमत्ता सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते आणि कोणत्या, हे उपस्थित सभासदांच्या निदान तीन-पंचमांश मतांनी ठरावे लागते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर स्थावर विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. न्यासांच्या कायद्यातील एक जुने तत्त्वही येथे लागू पडते: मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले, तर मालमत्ता त्या हेतूला शक्य तितक्या जवळच्या हेतूकडे वळवावी. जीव वाचविण्याच्या सर्वांत जवळचा हेतू फुलझाडे लावणे हा होय, असे म्हणणे आम्हांस तरी धाडसाचे वाटते. वर्गणीदारांपैकी कित्येक आज हयात नसतील. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार शेवटच्या सभेला हजर राहिलेल्या पाच-सात सभासदांना कायद्याने मिळतो; पण तेवढ्याने त्यांची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते.

आता बागेविषयी. या शहराला बागा नव्या नाहीत. फराहबाग आणि बेहेस्तबाग या निजामशाहीतल्या बागांची कीर्ती एके काळी दूरवर गेली होती. नळांनी दुरून आणलेल्या पाण्यावर त्या जगत होत्या. पाणी आटले, राखणारी सत्ता गेली आणि तलावाच्या मधोमध बांधलेला फराहबागेचा महाल आज कोरड्या भुईवर उभा आहे. सुलतानांची ही गत, तर नगरपालिकेच्या ठरावाने जन्मलेल्या बागेची काय कथा! आमच्याकडे उद्घाटनाला माणसे हवी तेवढी मिळतात. वैशाखात झाडांना पाणी घालायला मिळत नाहीत. शिल्लक रक्कम कमान, कारंजे आणि नामफलक यांवर उधळली गेली, तर काही वर्षांनी तेथे गंजलेली घसरगुंडी आणि वाळलेली हिरवळ यांखेरीज काही उरणार नाही. पथक गेले ते गेलेच, आणि बागही गेली, असा तो दुहेरी तोटा होईल.

म्हणून जेथे असा प्रस्ताव येईल तेथील सभासदांना आमची विनंती अशी की, होड्या, जीवरक्षक जाकिटे, दोर आणि स्ट्रेचर हे साहित्य लिलावात काढू नये. होड्या मुळा-प्रवरेच्या काठच्या गावांना द्याव्यात आणि त्या चालविण्यास शिकलेल्या तरुणांच्या हवाली कराव्यात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावांना दोर उपयोगी पडतील. कोकणकड्यावर गिर्यारोहक अडकले म्हणजे धावत जावे लागते ते तेथल्याच माणसांना. जागेवर बाग करावी, कडुनिंब आणि वड लावावेत, पण तिच्या एका कोपऱ्यात जुनी शेड उभी ठेवून तेथे दर रविवारी शाळेतल्या मुलांना छाती दाबून श्वास सुरू करणे, बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न घेता दोर फेकणे आणि बंद विहिरीपाशी काय करू नये, हे शिकवावे. रोख शिल्लक खर्चू नये. ती ठेव म्हणून गुंतवावी आणि तिच्या व्याजातून माळ्याचा पगार, पाण्याचे बिल आणि शिकविणाऱ्याचे मानधन द्यावे. व्याज पुरत नसेल तर बाग लहान करावी, शेड मात्र पाडू नये.

या अटी विसर्जनाच्या ठरावातच लिहिल्या पाहिजेत, आणि जागा घेणाऱ्या संस्थेकडून त्या लेखी मान्य करवून घेतल्या पाहिजेत. ताबा एकदा सुटला की विनंतीला कोणी विचारीत नाही.