चार तिकिटांची सहा तिकिटे

डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या माणसाचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास आजही चारशे रुपयांच्या आत येतो. जाऊन-येऊन दिवसाला शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास. एवढ्या पैशात एवढे अंतर तोडायची सोय दुसरीकडे सापडणे कठीण, आणि २०२५ मधल्या दोन्ही भाडेवाढींतून रेल्वेने हा पास वगळला, हेही कबूल करायला हवे. मात्र हाच माणूस गणपतीला बायको, दोन मुले आणि आईवडिलांना घेऊन कुडाळला निघाला की रेल्वेचा सगळा नूर पालटतो. कामावर जाणारा एकटा चाकरमानी तिला परवडतो. गावी जाणारे त्याचे कुटुंब तिला सहा सुटी गिऱ्हाइके दिसतात.

भाडेवाढ म्हटली की चर्चा होते ती दराची. १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगरवातानुकूलित डब्यांचे भाडे किलोमीटरमागे एक पैशाने वाढले, वातानुकूलितचे दोन पैशांनी. त्याच वर्षी २६ डिसेंबरपासून मेल-एक्स्प्रेसच्या सगळ्याच वर्गांत आणखी दोन पैसे चढले. मथळे झाले, मीम झाले, विरोधकांची पत्रके निघाली. प्रत्यक्षात ठाणे ते कुडाळ स्लीपरने जाणाऱ्या माणसाला या दोन्ही वाढी मिळून सतरा-अठरा रुपये पडतात. सहा जणांचे शंभराच्या थोडे वर. एवढ्यासाठी कुणी गावी जायचे रद्द करत नाही. खिशाला खरी चाट बसली आहे ती दुसरीकडून, आणि तिचे मथळे फारसे झाले नाहीत.

वर सांगितलेलेच कुटुंब घेऊ. नवराबायको, सात आणि अकरा वर्षांची दोन मुले, अडुसष्ट वर्षांचे आजोबा, चौसष्टच्या आजी. २०१६ च्या सुरुवातीला हे कुटुंब कोकणात गेले असते तर मुलांना अर्ध्या तिकिटात आपापला बर्थ मिळाला असता. आजोबांना मूळ भाड्यात ४० टक्के सवलत होती, आजींना ५० टक्के. म्हणजे दोन पूर्ण, दोन अर्धी, एक साठ टक्क्यांचे, एक पन्नास टक्क्यांचे. आरक्षणाचा आणि सुपरफास्टचा किरकोळ आकार बाजूला ठेवला तर बेरीज ४.१ तिकिटे. २१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला: पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या गडबडीत ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली, ती करोना सरला तरी परत आली नाही. आता त्याच सहा जणांची सहा तिकिटे लागतात. दर एका पैशानेही वाढला नसता, तरी या कुटुंबाचा खर्च जवळजवळ दीडपट झालाच असता.

रेल्वेची बाजू अगदीच खोटी नाही. बर्थ एकच, त्यावर सात वर्षांचे मूल झोपले काय किंवा सत्तर किलोचा बाप्या झोपला काय, तो दुसऱ्याला विकता येत नाही. मग अर्ध्या किमतीत का द्यावा? अर्धे तिकीट नको असे रेल्वे म्हणतही नाही. ते काढा, पण मूल आपल्याच बर्थवर घ्या. कोकणकन्येच्या स्लीपरमध्ये रात्री बाराला ठाणे सुटल्यावर हा पर्याय कसा दिसतो ते पाहण्यासारखे असते. जेमतेम दोन फुटांचा खालचा बर्थ. अकरा वर्षांचा मुलगा भिंतीकडे पाय करून, आई काठावर एका कुशीवर, एक हात खाली मोदकाच्या साच्याच्या पिशवीवर. पनवेल येईपर्यंत ती उठून बसलेली असते आणि चिपळूणपर्यंत बसूनच राहते. वाचलेले पैसे अर्ध्या तिकिटाचे.

बहुतेक आईबाप अर्थातच पूर्ण तिकीट काढतात. माहिती अधिकारात २०२३ साली मिळालेल्या उत्तरातून दिसले की या एका बदलाने सात वर्षांत रेल्वेला २,८०० कोटी रुपयांहून जास्त जादा उत्पन्न मिळाले. हे पैसे पाच ते अकरा वर्षांच्या प्रवाशांकडून आले, ज्यांना मतही नाही आणि ट्विटर खातेही नाही.

आता या सहा तिकिटांवर सणाचा थर चढवायचा. गणपतीच्या नेहमीच्या गाड्यांचे आरक्षण कसे भरते हे ठाणे-डोंबिवलीत शाळकरी मुलेही सांगतील. आयआरसीटीसीच्या मास्टर लिस्टमध्ये सहाही नावे आधीच भरलेली, घरातले दोन-तीन मोबाइल हातात, घड्याळात आठ. आठ वाजून काही मिनिटांत कन्फर्म संपून वेटिंग, आणि वेटिंगही संपून ‘रिग्रेट’. २०२३ च्या मे महिन्यात कोकणकन्येची प्रतीक्षा यादी बघता बघता हजारापार गेल्यावर चौकशीची मागणी झाली होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. धाकधूक तीच, फक्त तारीख पुढे सरकली.

नेहमीची गाडी हुकली की उरते गणपती स्पेशल. २०२५ मध्ये रेल्वेने देशभरात अशा ३८० फेऱ्या जाहीर केल्या, त्यातल्या बहुसंख्य मध्य रेल्वेच्या. आकडा मोठा आहे आणि त्याबद्दल रेल्वेची पाठ थोपटायला हरकत नाही. फक्त पत्रकाच्या तळाशी ‘विशेष शुल्कासह’ असे दोन शब्द असतात, तिथे बोट ठेवावे. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या या गाड्यांपैकी ज्यांना हे शुल्क लागू असते, त्यांच्या स्लीपर किंवा थ्री एसीच्या मूळ भाड्यावर तीस टक्के आकार लागतो. त्याला किमान-कमाल मर्यादा आहेत, त्या बहुतांशी तत्काळच्याच. थोडक्यात, साठ दिवस आधी रांगेत राहूनही अख्ख्या घराचे तिकीट तत्काळच्या भावाने.

त्याहून बोचणारी अट किमान अंतराची. स्पेशलमध्ये स्लीपर आणि थ्री एसीला किमान ५०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते. ठाणे ते चिपळूण रुळांवरचे अंतर अडीचशे किलोमीटरही नाही. म्हणजे चिपळूणकर, खेडकर आणि वीरला उतरणारा महाडकर हे सगळे रत्नागिरीच्याही पुढचे पैसे भरून अर्ध्या वाटेत उतरतात. २०२५ च्या भाडेवाढीआधी स्पेशलच्या स्लीपरचा हा किमान आकडा माणशी ३८५ रुपये होता. नेहमीच्या गाडीने चिपळूणला स्लीपर दोनशेच्या आसपास पडायचा. सहाने गुणावे, मग परतीसाठी दोनाने.

आणि कोकणातल्या माणसाला याच्याही आधीपासूनचा एक भुर्दंड आहे, त्याची आता त्याला इतकी सवय झाली आहे की तो कुरकुरही करत नाही. कोकण रेल्वेच्या रुळांवरचे किलोमीटर भाड्यासाठी ४० टक्के फुगवून मोजतात. रोह्यापर्यंत शंभराचे शंभर, रोह्यापुढे शंभराचे एकशेचाळीस. वेळापत्रकात सीएसएमटी ते मडगाव ७६५ किलोमीटर लिहिलेले असते. रूळ मोजले तर ते सहाशेच्या आत भरतात. आपण एवढे जलद कसे आलो याचे कौतुक करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, तिथले काही किलोमीटर मुळात नाहीतच.

हे फुगवणे काही कुणाच्या लबाडीतून आले नाही. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले ते केंद्र आणि चार राज्यांच्या भांडवलावर, आणि उरलेला पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. नव्वदहून अधिक बोगदे आणि दऱ्यांवरचे उंच पूल यांत अंदाजपत्रक कुठल्या कुठे गेले. कर्ज फेडायचे तर उतारूंकडून थोडे जास्त घ्यावे, हा हिशेब तेव्हा समजण्यासारखा होता. पण २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला, त्याला पाव शतक उलटून गेले. तेव्हा बापाच्या मांडीवर बसून गेलेले पोर आता स्वतःच्या पोरांचे पूर्ण तिकीट काढते आहे. घाट फोडण्याचा खर्च तिसऱ्या पिढीने किलोमीटरमागे भरत राहावा, हे काही पटत नाही.

स्वस्त पर्याय नाही का? आहे, दिव्यात. डोंबिवलीच्या माणसाला दिवा हे उतरायचे स्टेशन वाटत नाही, पण कोकणात जाणाऱ्या सगळ्यात स्वस्त गाड्या तिथूनच सुटतात: सावंतवाडीची आणि रत्नागिरीची. रत्नागिरी पॅसेंजर आधी दादरहून सुटायची. करोनानंतर ती दिव्यातच थांबली आणि दादर-परळच्या चाकरमान्यांचा राग अजून गेलेला नाही. कल्याण-डोंबिवलीकरांना उलट ती जवळ आली. मात्र आरक्षण नाही, त्यामुळे सावंतवाडीच्या गाडीत जागा धरायची तर पहाटेच्या लोकलने सामानासह दिवा गाठायचे, फलाटावर गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग दिवसभराचा प्रवास. तिशीतल्या चार मित्रांना हे जमते. अडुसष्टच्या आजोबांना, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजींना हे सुचवायचे कसे? ज्यांची सवलत गेली त्यांनाच ही गाडी झेपत नाही.

इथे एसटीचा दाखला द्यावाच लागतो. महामंडळाने २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्के वाढवले, बस जुन्या आहेत, मुंबई-गोवा महामार्गाचे काम २०११ पासून चालूच आहे. तरी हिशेब बघा. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, मुलांना पूर्वीपासून अर्धे. आपले तेच सहा जण: बापाचे एक, बाकी पाच जणांची अर्धी-अर्धी. साडेतीन तिकिटे. रेल्वे ज्यांना सहा मोजते त्यांना एसटी साडेतीन मोजते. या सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देते, ते अनेकदा उशिरा देते, आणि रेल्वेला असे भरून देणारे वर कुणी नाही, हा फरक मान्य. पण कुटुंब प्रवासाला निघते तेव्हा त्यात कमावता बहुधा एकच असतो, एवढी समज एसटीच्या तिकीटदरात आहे.

खासगी बसचे नाव इथे न काढलेलेच बरे. त्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये असा शासन निर्णय एप्रिल २०१८ मध्ये निघाला. गणपतीच्या आदल्या शुक्रवारी ठाण्यात तीन हात नाक्याजवळ उभे राहून हा निर्णय वाचून दाखवला तर करमणूक चांगली होईल. म्हणून डोंबिवलीतल्या सोसायट्यांत आता दोन बिऱ्हाडे मिळून सात आसनी गाडी करतात. पेट्रोल, चालक, वाटेतला चहा धरूनही माणशी खर्च स्पेशलच्या थ्री एसीशी बरोबरी करतो, आणि गाडी थेट वाडीच्या पाणंदीपर्यंत जाते. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत हीच गाडी रेल्वेवर चढवायची योजना आणली: कोलाड ते वेर्णा, मोटारीचे ७,८७५ रुपये, माणसांचे तिकीट वेगळे. ठाण्याहून कोलाडपर्यंतचा सगळ्यात खराब रस्ता मात्र ज्याचा त्याने चालवायचा. फारसे कुणी फिरकले नाही, यात नवल ते काय.

कोकणच कशाला, शिर्डीचे पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत ठाण्याला थांबते आणि गाडी झकास आहे. तेव्हा सीएसएमटी ते शिर्डी चेअर कारला खाण्याशिवाय ८४० आणि खाण्यासह ९७५ रुपये पडत. सहा जणांचे खाण्याशिवाय एका बाजूचे ५,०४० रुपये. जाऊन-येऊन साईबाबांच्या चरणी दहा हजार वाहिल्यासारखेच, फक्त ते रेल्वेच्या पेटीत. ज्याला वेग हवा त्याने मोजावे, तक्रार नाही. तक्रार एवढीच की स्लीपर आणि पॅसेंजरने जाणाऱ्यालाही त्याच नियमाने मोजले जाते.

रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव सवलतीचा विषय निघाला की एक उत्तर देतात: प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४५-४६ टक्के सवलत मिळतेच आहे, शंभर रुपयांच्या सेवेचे जेमतेम पंचावन्न घेतो. आकडा खरा असेल. पण त्या सरासरीत डोंबिवलीचा पासही आहे आणि गणपती स्पेशलचा थ्री एसीही. एकावरचा तोटा दाखवून दुसऱ्याला गप्प बसवणे हे उत्तर झाले नाही. खुद्द रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीमध्ये ज्येष्ठांची सवलत परत द्यावी असे सुचवून झाले आहे. एसी फर्स्टने जाणाऱ्या आजोबांना ती नसली तरी चालेल, तसे कुणी मागतही नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. बातम्यांत गाजलेल्या अटी दोन: ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे आणि राज्याचे पैसे परत मिळावेत. तिसरी बाब, ४० टक्के फुगलेल्या किलोमीटरची, गाजली नाही. रूळ भारतीय रेल्वेचे झाले तर त्यावरचा किलोमीटरही इतर ठिकाणच्या किलोमीटरएवढाच असायला हवा. ठाण्याचे खासदार नरेश म्हस्के आणि कल्याणचे श्रीकांत शिंदे हे दोघेही सत्ताधारी आघाडीत आहेत, आणि गणपतीला गावी जाणारे मतदार दोघांकडेही भरपूर आहेत. राजकीय पक्षांचा उत्साह सध्या फुकट बस सोडण्यात आणि २०२१ पासून ‘मोदी एक्स्प्रेस’सारख्या गाड्यांना झेंडे दाखवण्यात खर्च होतो, त्या गाडीत मोजकीच माणसे मावतात. स्पेशलवरची ५०० किलोमीटरची अट आणि रोह्यापुढचे एकशेचाळीस किलोमीटर हे दोन प्रश्न त्यांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारले, तर उत्तर काय येते ते या स्तंभात छापले जाईल.