सायकलवरची मालकीणबाई

शॅम्पेनचे बूच दिवाळीतल्या लवंगीसारखे उडते, फेस येतो आणि गंमत संपते. पण त्या एका आवाजामागे कित्येक वर्षांची वाट पाहणे असते. वाचकहो, घोटभरही न घेता ऐकावी अशी ही एका घराण्याची हकीकत!

फ्रान्समध्ये मार्न नदीकाठी एक गाव आहे. त्याच्या नावाचा उच्चार थेट आपल्या ‘आई’सारखा. तिथे १८२९ साली तिघांनी पेढी काढली. द्राक्षमळे होते व्हिलेर्मों या सरदाराचे. पण सरदाराने व्यापार करायचा म्हणजे घराण्याला बट्टा! म्हणून पाटीवर नावे लागली ती उरलेल्या दोघांची, रनोदँ आणि बोलँजे. हे बोलँजे मूळचे जर्मन. १८३७ साली ते व्हिलेर्मोंचेच जावई झाले.

खरा कसोटीचा प्रसंग आला १९४१ साली. देशावर जर्मनांचा अंमल, आणि तशात मालक झाक बोलँजे वारले. मूलबाळ नाही. सारी धुरा आली त्यांच्या चाळिशीतल्या पत्नीवर, लिलीबाईंवर. त्यांचे माहेर लॉ द लोरिस्तों; याच नावाच्या घराण्यातला झाँ लॉ अठराव्या शतकात आपल्याकडे पाँडिचेरीचा गव्हर्नर होता. पेट्रोल मिळेना, तेव्हा बाईंनी सायकल काढली आणि मळ्यामळ्यांतून फिरू लागल्या. युद्ध संपले तरी सायकल सुटली नाही.

शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि तळाशी गाळ बसतो. त्या गाळावर ती जितकी राहील तितकी मुरते. लोणचे घालणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. हिशेबी माणूस म्हणेल, माल विका, पैसा मोकळा करा. लिलीबाईंनी मात्र १९५२ च्या पिकाच्या काही बाटल्या तळघरात तशाच राखल्या आणि साठच्या दशकात, विकण्याच्या सुमारास गाळ काढून, बाजारात आणल्या. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातले मळे बुडवले; तेव्हापासून तिथे अमेरिकन खुंटांवर कलमे बांधतात. बोलँजेंचे दोन-तीन चिमुकले तुकडे त्यातून बचावले. त्या जुन्या वेलींचे १९६९ चे पीक बाईंनी निराळे काढले.

१९७१ साली त्यांनी कारभार नात्यातल्या माणसांकडे सोपवला. १९७७ साली त्या वारल्या. पेढी आजही घराण्याचीच आहे.

वंशाला दिवा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या तळघरात एकदा डोकावून यावे!